दूरची रेडिओ स्टेशनं पकडायचीत? आधी समुद्राकडे तोंड करून बसा

बाजारात बांगडा मिळतो, तरी कोकणातला माणूस संध्याकाळी गरी घेऊन खाडीवर जाऊन बसतोच. मोबाईलवर जगातलं कुठलंही स्टेशन लागत असताना रेडिओची काडी वर करून खरखरीत कान का खुपसायचा, या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. शेजारचे आबा विचारतात, "काय रे, काल काय लागलं गळाला?" मी सांगतो, "श्रीलंका." ते म्हणतात, "केवढी?"

या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. 'डीएक्स' ही तारायंत्राच्या काळातली खूण, अर्थ 'अंतर'. जे स्टेशन आपल्या गावासाठी नाही, ते पकडायचं, कोणतं ते कानानं ओळखायचं आणि वहीत नोंदवायचं, एवढाच खेळ. लायसन्स लागत नाही. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरल्याचं घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पण ते १९८०च्या दशकात बंद झालं. हॅम रेडिओ ही वेगळी गोष्ट आहे. तिथे आपण बोलतोही, म्हणून परीक्षा आणि परवाना दोन्ही लागतात. इथे आपण फक्त ऐकणार आहोत.

मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो आणि पुढे जे सांगतोय ते किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून हा छंद करणारे लोक हजारोंचे अँटेना घेतात आणि तरी शेजाऱ्याच्या चार्जरची घरघर ऐकत बसतात. आपल्याला मात्र समुद्र फुकट मिळालाय. यंत्रावर एक रुपया घालायच्या आधी जागेचा पुरेपूर फायदा उठवा.

रेडिओ कोणता

सुरुवातीला घरातला जुना ट्रान्झिस्टर काढा. माळ्यावर असेल. सेलच्या खणात हिरवा गंज चढला असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा, मग सुकवा, नवे सेल घाला. आवाजाचं बटण फिरवताना खरखरत असेल तर वीस-पंचवीस वेळा पुढेमागे फिरवा, बरंच सुधारतं. मीडियम वेव्ह (सेटवर MW किंवा AM लिहिलेलं असतं) लागत असेल तर पहिल्या महिन्याचं काम भागलं.

गोडी लागली की मगच डिजिटल आकडे दाखवणारा सेट घ्या. टेकसन आणि एक्सएचडेटा या कंपन्यांचे छोटे सेट या छंदातल्या लोकांकडे बरेच दिसतात. घेताना तीन गोष्टी बघा: मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह दोन्ही हवेत, बाहेरची वायर लावायला खाच हवी आणि बँडविड्थ, म्हणजे लावलेल्या आकड्याच्या आजूबाजूचं किती ऐकायचं ते, कमीजास्त करता यायला हवी.

सेट हातात आल्यावर पहिल्यांदा मीडियम वेव्हची पायरी तपासा. अमेरिका खंडात स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली असतात, आपल्याकडे, युरोपात आणि आफ्रिकेत ९च्या. सेट १०वर ठेवलेला आला तर तुम्ही ५५० आणि ५६०वर थांबाल आणि आकाशवाणीची ५५८वरची मुंबई दोन्हीकडे फाटक्या आवाजात ऐकू येईल. माझ्या एका भाच्यानं याच कारणासाठी नवा सेट परत पाठवायची तयारी केली होती.

आकडा बरोबर आहे की नाही हे तपासायची एक गमतीची युक्ती आहे. आपल्या मीडियम वेव्हवरचा प्रत्येक आकडा नऊच्या पाढ्यातला असतो, म्हणून त्याच्या अंकांची बेरीज ९ किंवा १८ येते. ५५८ घ्या: पाच, पाच, आठ, अठरा. रत्नागिरीचा ११४३: एक, एक, चार, तीन, नऊ. अपवाद एकच, ९९९. त्याची बेरीज २७ येते, पण तोही पाढ्यातलाच आहे.

जागा

आता मुद्द्याचं. रेडिओचे शत्रू दोन: भिंत आणि वीज.

जांभ्याच्या भिंतीचं आणि कौलारू छपराचं घर रेडिओला फारसा त्रास देत नाही. पत्र्याचं छप्पर मात्र लाटा अडवतं. नव्या स्लॅबमधल्या सळ्याही तेच करतात. म्हणून माजघरात बसू नका, पडवीत या. त्याहून बरं म्हणजे खळ्यात, घरापुढच्या अंगणात.

विजेचा त्रास जास्त मोठा. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे सगळे मीडियम आणि शॉर्ट वेव्हवर कचरा ओकतात. एक प्रयोग करा. रेडिओ सेलवर चालू ठेवा, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी आणा आणि घरच्यांना सांगून मेन स्विच बंद करा. खरखर एकदम उतरली तर चोर घरातच आहे. मग एकेक दिवा, एकेक चार्जर चालू करत जा. आमच्याकडे चोर निघाला देवघरातला छोटा एलईडी. तो संध्याकाळी लागायचा आणि नेमका माझ्या ऐकण्याच्या वेळी गुरगुरायचा. आईनं तेलाची समई चालेल म्हणून सांगितलं, नाहीतर हा लेख झाला नसता.

कोकणात एरवी ज्याबद्दल आपण कुरकुरतो ती गोष्ट इथे वरदान आहे. लाईट गेली की सगळी वाडी गप्प होते आणि रेडिओवर एकदम अंधार पडल्यासारखी शांतता येते. त्या शांततेत जी स्टेशनं वर येतात ती एरवी सापडत नाहीत. लाईट गेल्यावर मी मेणबत्तीच्या आधी रेडिओ शोधतो. उलट गणपतीत दहा दिवस काही होत नाही. मखरांच्या दिव्यांच्या माळा आणि भजनांपुढे कोण ऐकणार? आणि ऐकूही नये.

घराबाहेर पडायची तयारी असेल तर दोन जागा आहेत. एक सडा. गावाच्या वरचं कातळाचं मोकळं पठार, जिथे विजेचे खांब नाहीत. दुसरी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. माझं मत पुळणीच्या बाजूनं आहे. खाऱ्या पाण्यातून वीज कोरड्या जमिनीपेक्षा हजारो पटींनी सहज वाहते. जमिनीलगत चालणारी मीडियम वेव्हची लाट डोंगर-मातीत लवकर दमते, समुद्रावरून मात्र फार लांब जाते. हे पटायला रात्रीची वाट बघायची गरज नाही. एखाद्या दिवशी दुपारी बारा वाजता घाटाखालच्या एखाद्या आतल्या गावात रेडिओ ऐका, मग तोच सेट घेऊन भरतीच्या रेषेवर या आणि पुन्हा ऐका. मुंबईचे ५५८ आणि १०४४, पणजीचं १२८७ भर दुपारी किती स्वच्छ येतात ते बघा. उत्तरेला सौराष्ट्रातलं राजकोट ८१०वर आहे. त्याचा आवाज निम्माशिम्मा पाण्यावरून येतो, म्हणून दिवसाही आशा ठेवायला हरकत नाही.

वाळूत रेडिओ ठेवू नका. खाली पिशवी, वर टोपी. खारा वारा सेटच्या आत गेला की वर्षभरात बटणं मरतात. मी एक सेट असाच घालवलाय.

पहिला आठवडा: मीडियम वेव्ह

दिवसा आकाशात सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर डी नावाचा थर असतो. वर जाणारी मीडियम वेव्ह तो पिऊन टाकतो. सूर्य बुडाला की हा थर विरतो आणि लाट त्याच्याही वरच्या थरांवर आपटून शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर उतरते. म्हणून या खेळाची खरी वेळ तिन्हीसांजेनंतरची.

पहिले तीन दिवस फक्त देशी स्टेशनं. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी बसा आणि ५३१पासून १६०२पर्यंत एकेक पायरी चढत जा. हातात वही. पुणे ७९२, सांगली १२५१, रत्नागिरी ११४३, ही ओळखीची स्टेशनं आधी टिपून ठेवा. हे तुमचे मैलाचे दगड. आकाशवाणीची काही मीडियम वेव्ह केंद्रं गेल्या काही वर्षांत बंद होत आली आहेत, त्यामुळे एखादा आकडा मुका निघाला तर सेटला दोष देऊ नका. मध्येच कुठे धबधब्यासारखा एकसुरी खळखळाट लागला तर तोही बिघाड नाही. ते डीआरएम, म्हणजे डिजिटल प्रसारण. साध्या सेटला ते असंच ऐकू येतं.

चौथ्या दिवसापासून रेडिओ फिरवायला शिका. स्टेशन फिरवायचं नाही, आख्खा सेट. मीडियम वेव्हसाठी वर ओढायच्या त्या काडीचा उपयोग नसतो. सेटच्या पोटात वरच्या बाजूला एक काळी फेराइटची कांडी आडवी बसवलेली असते, तीच अँटेना. कांडीच्या कुशीच्या दिशेनं येणारं स्टेशन जोरात लागतं. कांडीचं टोक ज्या दिशेला रोखलं जातं तिथलं स्टेशन बुडतं. गंमत अशी की जोर कुठे आहे ते नीट कळत नाही, बुडणं मात्र नेमकं कळतं. म्हणून स्टेशन शोधताना जोर बघत बसू नका. नको असलेलं स्टेशन बुडवा आणि खाली काय उरतं ते ऐका.

कोकणपट्टीचा नकाशा यासाठी जणू मुद्दाम आखलाय. मुंबई उत्तरेला, गोवा दक्षिणेला. कांडी उत्तर-दक्षिण धरली की दोघेही एकाच वेळी दबतात आणि सेटची कूस पश्चिमेला, सरळ अरबी समुद्राकडे होते. सह्याद्रीपलीकडचे पुणे-सांगली पूर्वेकडून येतच राहतात, पण ते आकडे तुम्हाला आता पाठ आहेत. त्यांच्या मधल्या आकड्यांवर थांबा. अरबी पठण, अरबी बातम्या, फारसी निवेदन, काय काय येतं. रत्नागिरी आणि ओमानमधलं सलाला जवळपास एकाच अक्षांशावर, १७ अंशांवर आहेत. मध्ये दोन हजार किलोमीटर नुसतं पाणी. हे एकदा डोक्यात आलं की पश्चिमेकडे बघायची नजर बदलते.

नवशिक्यानं पहिलं परदेशी स्टेशन म्हणून ८८२ धरावं. श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ४०० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवर ट्रान्स वर्ल्ड रेडिओचे धार्मिक कार्यक्रम भारतीय भाषांत लागतात. आपल्यापासून साधारण बारा-तेराशे किलोमीटर. आबांना सांगितलेली श्रीलंका ती हीच. त्यानंतर १५२१ बघा. सौदी अरेबियाच्या लाल समुद्राच्या काठावरचं दुबा, सुमारे चार हजार किलोमीटर. त्याचा ट्रान्समीटर प्रचंड ताकदीचा म्हणून जगभरच्या डीएक्सरांना माहीत आहे. रोज लागेलच असं नाही.

वेळेचं गणितही पश्चिमेच्या बाजूनं आहे. आखातात आपल्याहून तास-दीड तास उशिरा मावळतं. आपल्याकडे अंधार पडला, त्यांच्याकडे पडायचाय, तेव्हा त्यांचा आवाज हळूहळू चढत जातो. पहाटे उलट: आपल्याकडे उजाडतं, पूर्वेकडची स्टेशनं आधी विझतात, पश्चिमेकडची रेंगाळतात. पहाटे पाच ते साडेसहा ही माझी आवडती वेळ. कारण शास्त्रीय आहे, आणि घरात कोणी उठलेलं नसतं हेही आहे.

वायर आणि चौकट

शॉर्ट वेव्हसाठी दहा ते पंधरा मीटर साधी आवरण असलेली तांब्याची वायर पुरते. एक टोक पडवीच्या वाशाला, दुसरं आंब्याला. आंबाच. माडाला बांधू नका असं नाही, पण माड वाऱ्यात डुलतो आणि ताणून बांधलेली वायर पहिल्याच वावटळीत तुटते. माडच असेल तर शेवटचे दोन मीटर नायलॉनची दोरी घ्या आणि भरपूर झोल ठेवा. वायर झाडाला टेकू नये म्हणून मध्ये पीव्हीसी पाइपचा वितभर तुकडा चालतो. घराकडचं टोक मगरचिमट्यानं रेडिओच्या काडीला लावा. पंधरा मीटरपेक्षा लांब वायरीचा मोह टाळा. छोटे सेट त्यानं गुदमरतात आणि एक स्टेशन पाच जागी ऐकू येतं.

जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, केली तर खरखर कमी होते, पण जांभ्याच्या कोरड्या जमिनीत रॉड ठोकून काही उपयोग नाही. माडाच्या आळ्यात ठोका. तिथे रोज पाणी जातं. घरातल्या विजेच्या अर्थिंगला किंवा गॅसच्या नळीला हात लावायचा नाही. आणि विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून वायर नेऊ नका, हे तर सांगायलाही नको.

मीडियम वेव्हला ही वायर काडीला लावून फायदा होत नाही, कारण तिथे पोटातली कांडी काम करते. त्यासाठी चौकट करा. दोन फूट बाजूची लाकडी चौकट, तिच्याभोवती वायरचे बारा-तेरा वेढे शेजारी शेजारी, आणि दोन्ही टोकं जुन्या रेडिओतून काढलेल्या गँगला, म्हणजे स्टेशन बदलताना फिरणाऱ्या कंडेन्सरला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गँग मागा. बहुतेकांकडे एखादा डबाभर असतात आणि ते फुकट देतात, वर अर्धा तास गप्पाही. चौकट रेडिओशेजारी उभी करायची, वायर जोडायची नाही. रेडिओची कांडी चौकटीला काटकोनात हवी, म्हणजे कांडीवरचे वेढे आणि चौकटीचे वेढे एका दिशेचे होतात. गँग हळूहळू फिरवा. एका जागी पुटपुटणारं स्टेशन एकदम बोलायला लागतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी बायकोला हाक मारून बोलावलं. तिनं दोन मिनिटं ऐकलं, म्हणाली, "अरबीतले बाजारभाव दिसतायत," आणि गेली.

वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलपासून, आणि परतीच्या पावसात वायर कायम लावून ठेवू नका. ऐकून झालं की चिमटा काढा आणि वायरचं टोक घराबाहेर टाका. वादळ किती जवळ आलंय ते मीडियम वेव्हच सांगते. आभाळ स्वच्छ असतानाही कडकड सुरू झाली की कुठेतरी वीज पडतेय. कडकड दाट झाली की उठायचं.

शॉर्ट वेव्ह

यावर थोडक्यात सांगतो, कारण शॉर्ट वेव्ह आता पूर्वीसारखी गजबजलेली नाही. बीबीसीच्या हिंदीचं शॉर्ट वेव्ह प्रसारण जानेवारी २०२०च्या शेवटी बंद झालं, इतरही बरेच गेले. उरलंय ते मात्र पुष्कळ आहे. संध्याकाळी ४९, ४१ आणि ३१ मीटरचे पट्टे, दिवसा २५, १९ आणि १६ मीटरचे, असं ढोबळ धरा. चायना रेडिओ इंटरनॅशनल शोधावं लागत नाही, तेच तुम्हाला सापडतं. रेडिओ रोमानिया आणि व्हॅटिकन रेडिओ थोड्या चिकाटीनं मिळतात. न्यूझीलंडचं स्टेशन हे माझ्या वहीतलं मानाचं पान आहे. कार्यक्रमाआधी ते तिथल्या बेलबर्ड पक्ष्याचा आवाज लावतं, तेवढ्यावरून ओळखलं.

१०,००० किलोहर्ट्झवर नुसती टिकटिक ऐकू आली तर घाबरू नका. ती वेळ सांगणारी स्टेशनं. चीनचं बीपीएम आणि अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही दोन्ही तिथेच आहेत. घड्याळ लावून घ्या.

वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. 'ईबी' नावाची यादी इंटरनेटवर फुकट मिळते, ती त्या दिवसांत नव्यानं उतरवून घ्या. जुनी यादी हातात धरून स्टेशन शोधणं म्हणजे गेल्या वर्षीच्या एसटीच्या वेळापत्रकावर फाट्यावर उभं राहणं.

मे महिन्यातला एफएम

एफएम आकाशातल्या थरांवरून एरवी परतत नाही, सरळ निघून जातं. म्हणून पन्नास-शंभर किलोमीटरपलीकडे ते मिळू नये. आपल्या किनाऱ्यावर मात्र उन्हाळ्यात हा नियम मोडतो.

पाण्यालगतची हवा दमट आणि त्यातल्या त्यात थंड असते. तिच्यावर जमिनीकडून आलेल्या गरम, कोरड्या हवेचा थर पसरला की लाट वर निसटत नाही, खाली वाकते, आणि समुद्राच्या पृष्ठभागालगत नळातून गेल्यासारखी लांब जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या रडारला उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत होते, हजार मैलांहून दूरचे. रडार चालवणारे चक्रावले होते. पाऊस आला, वारं घुसळलं, की हा नळ फुटतो.

तर एप्रिल आणि मेमध्ये, आणि पुन्हा पाऊस गेल्यावर, ज्या रात्री वारा पडलेला असतो आणि समुद्र तेल ओतल्यासारखा दिसतो, त्या रात्री एफएम लावून बघा. पहिली खूण म्हणजे मुंबईची खासगी स्टेशनं घरातल्यासारखी वाजायला लागतात. मग रिकाम्या आकड्यांवर जा. सडा आणि पुळण दोन्ही करून बघा. हवेचा नळ पाण्यालगत असतो तेव्हा उंचीचा तोटाच होतो, असा माझा अनुभव आहे. आणखी एक: मीडियम वेव्हवर दोन स्टेशनं एकमेकांत मिसळतात, एफएमवर तसं होत नाही. एक दुसऱ्याला पूर्ण गिळतं. त्यामुळे मराठी जाहिरात चालू असताना वाक्याच्या मध्येच दुसरी भाषा सुरू होऊ शकते. ब्रँडच्या नावावरून मात्र गाव ठरवू नका. एकाच नावाची स्टेशनं अनेक शहरांत एकाच आकड्यावर असतात. दुकानाचा पत्ता कोणत्या रस्त्यावरचा सांगतात ते ऐका.

एका मे महिन्यात पुळणीवर बसून मी असंच एक स्टेशन पंधरा मिनिटं ऐकलं. गझल, मग उर्दू वळणाचं हिंदी निवेदन. मुंबईच असणार म्हणून वहीत 'मुंबई' लिहूनही टाकलं. तेवढ्यात निवेदिका म्हणाली, "रात के नौ बजे हैं." माझ्या घड्याळात साडेनऊ. अर्धा तास मागे म्हणजे पाकिस्तानची वेळ. कराची तिथून हजार किलोमीटरच्या आसपास. स्टेशनचं नाव येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण जेवायला दोनदा बोलावणं आलं होतं. उठलो, आणि परत आलो तोवर नळ मिटला होता. त्या पानावर 'मुंबई' खोडलंय आणि पुढे कराची, प्रश्नचिन्हासह. नाव कानानं ऐकल्याशिवाय प्रश्नचिन्ह काढायचं नाही, हा नियम तेव्हापासून.

घड्याळाची ही युक्ती लक्षात ठेवा. पाकिस्तान अर्धा तास मागे, ओमान आणि संयुक्त अरब अमिराती दीड तास, सौदी आणि कुवेत अडीच तास. श्रीलंका आपल्याच वेळेवर. भाषा न कळणाऱ्यालाही तासाच्या ठोक्याला देश ओळखता येतो.

वही आणि पत्र

वहीत तारीख, वेळ, आकडा, काय ऐकलं आणि आवाज कसा होता एवढं पुरे. वेळ जागतिक, म्हणजे यूटीसी लिहायची सवय लावा. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. रात्रीचे साडेनऊ म्हणजे १६:००. पहाटे तीनचं ऐकलं तर ते आदल्या तारखेचे २१:३०. सुरुवातीला सगळे इथेच चुकतात.

आवाजाला सिन्पो नावाची गुणपद्धत आहे. पाच आकडे: जोर, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, आवाजाची चढउतार आणि एकूण मत. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच सर्वांत चांगला. ५५५५५ लिहिलेलं पत्र कोणी गंभीरपणे घेत नाही. ३४३३३ लिहा, खरं असेल तर.

वीस मिनिटं ऐकून जे टिपलं ते स्टेशनला ईमेलनं कळवलं की बरीच स्टेशनं क्यूएसएल कार्ड पाठवतात: तुम्ही आम्हाला ऐकलंत, अशी पोचपावती. रेडिओ रोमानिया त्यासाठी प्रसिद्ध आहे. "कार्यक्रम छान होता" असं लिहून भागत नाही. १६:०४ला पुरुष निवेदक, १६:०७ला व्हायोलिनचा तुकडा, १६:११ला शेतीवर मुलाखत, असं हवं. सेट आणि वायर कोणती तेही लिहा. आमच्या पोस्टमनदादांना पहिलं परदेशी कार्ड आलं तेव्हा मुलगा बाहेर गेला का असं वाटलं होतं.

गावात राहून करायचं तर

किनाऱ्यावर रात्री हेडफोन लावून, वायर पसरून बसलेला माणूस संशयास्पद दिसतो, आणि दिसायलाच हवा. २००८नंतर किनारपट्टीची गस्त वाढलीय. पोलीस पाटलांना आणि सागर रक्षक दलाच्या पोरांना आधी सांगून ठेवा. बंदर, जेट्टी, दीपगृह यांच्या आसपास सेट उघडू नका. सर्वांसाठी असलेलं प्रसारण तेवढं ऐकायचं. बोटींचे, पोलिसांचे, तटरक्षक दलाचे संदेश कानावर पडले तरी आकडा पुढे ढकलायचा. ते आपल्यासाठी नाहीत. एकदा गस्तीवरच्या हवालदारांनी मला हटकलं. मी हेडफोन त्यांच्या हातात दिला. ५५८वर जुनं गाणं चालू होतं. गाणं संपेपर्यंत त्यांनी तो परत केला नाही.

मृग लागायच्या आत वायर उतरवा आणि गुंडाळून मांगरात ठेवा. चौकट माळ्यावर. रेडिओतले सेल आठवणीनं काढा, गँगला मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या आणि सेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यात बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर फडक्यात बांधलेले भाजलेले तांदूळ. नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडतात, त्याच आठवड्यात मी डबा उघडतो.